सिंगापुरातली जेवणं आणि समारंभ: या चुका टाळा

सिंगापुरात नवीन आलेलं मराठी कुटुंब पहिल्या महिन्यात मला दोन गोष्टी हमखास विचारतं: चांगली कणीक कुठे मिळते आणि मुलांना कुठल्या शाळेत घालायचं. चारचौघांत जेवायला बसल्यावर इथे काय चालतं आणि काय चालत नाही, हे मात्र कोणी विचारत नाही. भात खाणारी माणसं, एकत्र जेवणारी माणसं, आपल्यासारखंच असणार, असं प्रत्येकाला वाटतं.

मी 2010 पासून इथे आहे आणि त्याच त्या चुका बघून आता खरंच कंटाळले आहे. त्यातल्या निम्म्या मी स्वतः केल्यात, त्यामुळे बोलायचा हक्क आहे. मुख्य अडचण अशी की इथली माणसं तोंडावर बोलत नाहीत. आपल्याकडे लग्नात काही चुकलं तर कुठली तरी आत्या तिथल्या तिथे सुनावते. इथे हसून 'नेव्हर माइंड लाह' म्हणतात. आपणही निश्चिंत होतो आणि पुढच्या वेळी तीच चूक आणखी जोमाने करतो.

पांढरं पाकीट आणि वरचा एक डॉलर

2011 मध्ये ऑफिसातल्या एका चिनी मैत्रिणीचं लग्न होतं, मोठ्या हॉटेलात. मी आपली हौसेने तयार. पैठणी काढली, आणि आहेर म्हणून पन्नासाच्या दोन नोटा नि वर एका डॉलरचं नाणं असे 101 डॉलर एका स्वच्छ पांढऱ्या पाकिटात घातले. नाणं आत खुळखुळू नये म्हणून चिकटपट्टीसुद्धा लावली. वर नाव लिहिलं, 'शुभाशीर्वाद' लिहिलं. दारात टेबल मांडून दोन मुली वही घेऊन बसल्या होत्या. त्यातल्या एकीने दोन्ही हातांनी पाकीट घेतलं, क्षणभर त्याच्याकडे बघितलं, हसली आणि आमचा टेबल नंबर सांगितला. झालं. आम्ही पोटभर जेवलो, फोटो काढले, घरी आलो.

तीन वर्षांनी ऑफिसातल्याच एकाचे वडील गेले. इथे चिनी माणसं बऱ्याचदा इमारतीच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकमध्ये, काही दिवस अंत्यदर्शन ठेवतात. भेटायला गेले तर दारात टेबल, टेबलावर वही, आणि वहीशेजारी पांढऱ्या पाकिटांचा गठ्ठा. बरोबरच्या सहकाऱ्याने मला हळूच समजावलं: दुःखाच्या प्रसंगी पैसे द्यायचे ते पांढऱ्या पाकिटात, आणि रक्कम शक्यतो विषम. मला तिथेच दरदरून घाम फुटला. मी एका नवरीला मयताचं पाकीट दिलं होतं, तेही विषम रकमेचं, आणि तो एक डॉलर निसटू नये म्हणून चिकटवून!

मैत्रिणीला फोन करून माफी मागितली. ती इतकी हसली की बोलताच येईना. मग म्हणाली, त्याच रात्री तिच्या आईने पैसे लाल पाकिटात घातले, आणि नाणं काढून बाजूला ठेवलं. तीन वर्षं रोज माझ्या शेजारच्या टेबलावर बसत होती ही बाई, पण अवाक्षर काढलं नाही.

आपला वरचा एक रुपया म्हणजे व्यवहार पुढे चालू राहावा ही खूण. त्यांच्याकडे शुभ गोष्ट जोडीने यावी लागते, म्हणून रक्कम सम. 8 आकडा लाडका, त्यामुळे 88, 128, 168, 188 अशा रकमा दिसतात. 4 मात्र टाळायचा, कारण चिनी भाषेत त्याचा उच्चार 'मरण' या शब्दाच्या जवळ जातो. किती द्यायचे? आपण निदान आपल्या खुर्चीचा खर्च भरून काढावा असा इथला हिशेब असतो. त्यासाठी हॉटेलनुसार, दुपार-रात्र, शनिवार-रविवार असे दरांचे तक्तेच इंटरनेटवर फिरतात. पहिल्यांदा बघितल्यावर मला ते फार रुक्ष वाटलं होतं. आता वाटतं, आपल्याकडेही 'त्यांनी आपल्या वेळी किती दिले होते' म्हणून वह्या चाळतातच की.

माझी सवय सांगते. चिनी नववर्षाच्या आधी बँका ग्राहकांना लाल पाकिटं फुकट देतात. ती मी वर्षभर पुरवते. एका बुटाच्या खोक्यात तीन कप्पे केलेत: लाल चिनी लग्नाला आणि नववर्षाला, हिरवी मलय ईदेला, पांढरी फक्त दुःखाला. तमिळ किंवा आपल्या लग्नात 51, 101 खुशाल द्या, तिथे कोणी दचकणार नाही.

याच लग्नांची आणखी एक गंमत. टेबल दहा जणांचं, पैसे टेबलाच्या हिशेबाने भरलेले. 'दोघं' कळवून ऐनवेळी दोन मुलं आणि गावाहून आलेले मामा घेऊन जाणारे महाभाग मी पाहिलेत. नका हो असं करू. तिथे पंगत वाढवता येत नाही. शाकाहारी असाल तर तेही येतो म्हणून कळवतानाच सांगा, तुमचं ताट वेगळं येतं. टेबलावर बसून मग 'व्हेज काय आहे?' विचारलंत तर आठ-नऊ पदार्थांच्या जेवणात तुमच्या वाट्याला भात येईल. निमंत्रणावर सात लिहिलं असलं तरी पहिला पदार्थ आठच्या आसपास येतो, तेव्हा संध्याकाळी चारपासून पोट रिकामं ठेवू नका.

'नो मीट' म्हणजे शाकाहारी नव्हे

ही माझी दुसरी दुखरी नस.

सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना हॉकर सेंटर, म्हणजे एका छताखाली खाण्याचे ठेले असलेली जागा, दाखवायला नेलं. सासूबाई माळकरी. तुळशीची माळ गळ्यात, पंढरीची वारी ठरलेली. मी मोठ्या ऐटीत एका ठेल्यावर सांगितलं, 'व्हेजिटेबल नूडल सूप, नो मीट.' ठेल्यावरच्या आंटी म्हणाल्या, 'कॅन, कॅन.' वाफाळतं सूप आलं. वर पालेभाजी, टोफू. सासूबाईंनी चमच्याने चाखून बघितलं, मग वाडगं जवळ ओढलं आणि निम्मं संपवलं. म्हणाल्या, 'पाण्यालाच काय चव आहे गं! काय घातलंय विचार तरी.'

मी विचारलं. आंटींना इतका आनंद झाला की त्या डबाच घेऊन बाहेर आल्या आणि मूठभर ऐवज सासूबाईंच्या समोर धरला. इकान बिलिस. सुक्या मांदेलीसारखे चंदेरी, बोटभरही नसलेले मासे, डोळ्यांसकट.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. चमचा खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि माळेवर हात ठेवून बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी निर्जळी उपास, आणि पुढचे तीन आठवडे घराबाहेर पाण्याखेरीज काही घेतलं नाही. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, हे जास्त लागलं.

आता यात त्या आंटींची काय चूक? त्यांच्या लेखी 'मीट' म्हणजे डुक्कर, कोंबडी, गाय. मासा वेगळा, कोळंबी वेगळी. 'व्हेजिटेबल' म्हणजे भाजी आहे एवढंच. लाल तिखट सांबाल दिसलं की आपल्याला ठेचा आठवतो, पण त्यात बहुतेक वेळा बलाचान असतो, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा. कांगकोंगची भाजी दिसायला पालेभाजी, परतलेली असते याच सांबालमध्ये. लाक्सा नावाच्या नूडलच्या नारळी रश्श्यात वाटलेली सुकी कोळंबी असते. हिरव्या भाजीवरचा चकचकीत काळा सॉस ऑयस्टरचा, म्हणजे कालवांचा. 'कॅरट केक' मागवलात तर गाजर नाही आणि केकही नाही, मुळ्याच्या वड्या अंड्यात परतून येतात.

म्हणून 'मी व्हेजिटेरियन आहे' असं जाहीर करून थांबायचं नाही. जिन्नस मोजायचे. नो चिकन, नो पोर्क, नो फिश, नो प्रॉन, नो इकान बिलिस, नो ऑयस्टर सॉस, नो एग. मागे रांगेत लोक उसासे टाकतात, टाकू द्या. पण माझं खरं मत विचाराल तर मिश्र ठेल्यावर ही खटपट करूच नका. बऱ्याच हॉकर सेंटरमध्ये एखादा चिनी शाकाहारी ठेला सापडतो. पाटीवर 'सू' हे चिनी अक्षर असतं, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. बौद्ध पद्धतीचं हे जेवण, त्यात कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्यांची इथे उत्तम सोय होते, हे आपल्या लोकांना सांगूनही पटत नाही. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच चिनी लोक शाकाहार करतात, त्या दिवशी या ठेल्यांवर गर्दी असते. मिडल रोडवरच्या फॉर्च्युन सेंटरमध्ये तर अशी बरीच दुकानं एका छताखाली आहेत. ज्येष्ठांना नेणार असाल तर फक्त एक आधी सांगून ठेवा: सोया आणि मैद्याचे नकली मासे, नकली कोंबडी अगदी हुबेहूब दिसतात. नाहीतर पुन्हा माळेवर हात जाईल.

आणि 'मग सरळ लिटिल इंडियात जाऊ' म्हणणाऱ्यांना माझी हरकत नाही. सेरंगून रोडवरचं कोमला विलास 1947 पासून आहे, आनंद भवन तर 1924 पासून. पण चार वर्षं इथे राहून डोशापलीकडे गेला नाहीत तर 'सिंगापुरात खायला काही मिळत नाही' असं पुण्यात जाऊन सांगू नका.

चहा

'वन टी' म्हणालात तर कंडेन्स्ड मिल्क घातलेलं गोडमिट्ट प्रकरण येतं, आणि मधुमेहवाले काका ते भिडेखातर पितात. 'तेह' म्हणजे हेच. 'तेह-ओ' बिनदुधाचा पण साखरेचा. 'तेह-सी' बाष्पित दुधाचा, आपल्या चवीच्या जवळचा. पुढे 'कोसोंग' जोडलं की साखर बंद, 'स्यू दाय' म्हटलं की कमी, 'पेंग' म्हणजे बर्फ घालून. आल्याचा हवा तर 'तेह हालिया'. कॉफीला 'तेह'च्या जागी 'कोपी'. पाच मिनिटांत पाठ होतं. तरी वर्षानुवर्षं 'टी, लेस शुगर, नो नो, नॉट दॅट मिल्क' करत उभी राहणारी माणसं बघितली की मला त्यांच्या हातातून पैसे घेऊन स्वतःच ऑर्डर द्यावीशी वाटते.

बाकीच्या, पटापट

टेबलावर एकटं पडलेलं टिश्यूचं पाकीट कोणी विसरलेलं नसतं. जागा धरलेली असते, त्याला 'चोप' म्हणतात. माझ्या नवऱ्याने पहिल्या आठवड्यात ते पाकीट फोडून नाक पुसलं होतं.

जेवल्यावर ट्रे उचलून ठेवा. हॉकर सेंटरमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून हे बंधनकारक आहे. पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा 300 डॉलर दंड. आणि कुठेही टाकू नका, हलालचा रॅक वेगळा असतो. घाईत डुकराच्या रश्श्याचं वाडगं हलाल रॅकवर ठेवणाऱ्याला मी एकदा हाताला धरून परत आणलंय. आपल्या देवघरात कोणी चप्पल ठेवली तर कसं वाटेल?

मेनूतल्या किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असली तर त्यावर 10 टक्के सेवाशुल्क, आणि त्या बेरजेवर 9 टक्के जीएसटी. शंभराचं बिल 119.90 होतं. वर टिप ठेवायची गरज नाही. चिनी रेस्तराँत न मागता येणारे शेंगदाणे आणि ओले टिश्यू फुकट नसतात. नको असतील तर हात न लावता परत पाठवा.

चिनी नववर्षात ऑफिसच्या जेवणात 'युशंग' येतं, एक प्रकारची कोशिंबीर. सगळे उभे राहून चॉपस्टिक्सने ते उंच उडवतात. त्यात बहुतेकदा कच्चा मासा घालतात, तेव्हा आधीच सांगून ठेवा. सांडणं अपेक्षितच आहे, जितकं उंच तितकी बरकत. आमच्याकडे नवीन आलेली एक मुलगी बिचारी टेबल पुसायला धावली होती.

नववर्षात कोणाकडे गेलात तर संत्री दोन न्यायची, दोन्ही हातांनी द्यायची. निघताना दोन परत मिळतात.

व्हॉइड डेकमध्ये मांडव दिसला म्हणजे लग्नच असं समजू नका. रंगीत कापडं आणि बिर्याणीचा वास असेल तर मलय लग्न. तिथे उजव्या हाताने जेवा आणि निघताना यजमानांच्या हातात हात देताना पाकीट सरकवा. शांतता आणि पांढरे कपडे दिसले तर आवाज खाली करा आणि फोन खिशात घाला.

तुमच्या घरी पार्टी असेल आणि सिंगापुरी सहकाऱ्यांना साडेसहा सांगितलं असेल तर ते साडेसहाला येतात. फळं घेऊन. तेव्हा तुम्ही अंघोळीत नसावं. मराठी पाहुण्यांना साडेपाच सांगा, म्हणजे सगळे एकदम पोचतील. पॉटलकला 'मी चिप्स आणते' म्हणणाऱ्यांबद्दल मी काही लिहिणार नाही, त्या हे वाचतात.

रात्री साडेदहानंतर सार्वजनिक जागी दारू प्यायला 2015 पासून बंदी आहे. समुद्रकिनाऱ्यावरची बार्बेक्यू पार्टी रंगली तरी बाटल्या त्याआधी आवरा. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, पाण्याचा घोटही चालत नाही, दंड 500 डॉलरपर्यंत, आणि ड्युरियन हे उग्र वासाचं फळ तर पिशवीत बांधूनही नेता येत नाही. शेवटची गाडी बाराच्या सुमारास जाते आणि मध्यरात्रीनंतर मीटरच्या टॅक्सीला 50 टक्के जादा पडतात. गाण्यांच्या भेंड्या 'म'वर अडल्या असतील तरी पावणेबाराला चपला घाला.