पोलीस भरतीचे ग्राउंड: ५० पैकी ५० गुणांची तयारी

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत लेखी परीक्षा १०० गुणांची आणि ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, ५० गुणांचे. आकडे पाहून बरीच मुले पुस्तकांवर जोर देतात आणि जाहिरात आली की धावायला लागतात. इथेच गणित चुकते. ग्राउंडमध्ये निम्मे, म्हणजे २५ गुण पडले की तुम्ही फक्त पात्र ठरता. लेखीला बोलावतात ते प्रत्येक प्रवर्गात एका जागेमागे साधारण दहा जणांना, तेही ग्राउंडच्या गुणांवर. २८-३० गुणांवर थांबलेल्याची लेखीची सगळी तयारी घरीच राहते.

आधी मापे तपासा. बारावी उत्तीर्ण, वय १८ ते २८, मागास प्रवर्गाला ३३ पर्यंत. उंची मुलांना १६५ सेंमी, मुलींना १५५ सेंमी, अनवाणी मोजलेली. मुलांची छाती न फुगवता ७९ सेंमी आणि फुगवल्यावर किमान ५ सेंमी वाढ. राज्य राखीव पोलीस दलाचे निकष वेगळे आहेत, तिथे ५ किमी धावावे लागते आणि ग्राउंड १०० गुणांचे असते. ती तयारी स्वतंत्र करावी.

शिपाई पदासाठी मुलांना १६०० मीटर (२० गुण), १०० मीटर (१५) आणि गोळाफेक (१५). मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. ‘आउट ऑफ’साठी, म्हणजे पैकीच्या पैकी गुणांसाठी, लागते ते असे: मुलांना १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत, १०० मीटर ११.५० सेकंदांत, ७.२६० किलोचा गोळा ८.५० मीटर. मुलींना ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंदांत, १०० मीटर १४ सेकंदांत, ४ किलोचा गोळा ६ मीटर. एक टप्पा खाली घसरलात की दोन-तीन गुण जातात.

१६०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, एकूण ३१० सेकंद. फेऱ्यांची विभागणी ७६, ७८, ७९, ७७ अशी ठेवा. सर्वांत जास्त नुकसान पहिल्या फेरीत होते. शिट्टी वाजताच घोळक्याबरोबर ६८-७० सेकंदांत फेरी मारली की तिसऱ्या फेरीत पाय जड होतात आणि कमावलेले सेकंद दुपटीने जातात. मुलींनी ८०० मीटरसाठी ८४ आणि ८६ सेकंदांच्या दोन फेऱ्यांचा हिशेब ठेवावा.

तयारीला किमान चार महिने द्या. पहिला महिना आठवड्यातून पाच दिवस ५-६ किमी, शेजारच्याशी बोलता येईल इतक्या हळू. त्यानंतर आठवड्यात एकदा ४०० मीटरच्या सहा फेऱ्या, मुलांनी प्रत्येक फेरी ८० सेकंदांपासून सुरू करून ७७ पर्यंत आणायची, मध्ये दोन मिनिटे चालायचे. दुसऱ्या एका दिवशी २०० मीटर आठ वेळा. रविवारी ८ किमी सावकाश. एक दिवस पूर्ण विश्रांती, आणि ती खरोखर घ्या. रोज डांबरी रस्त्यावर धावले की नडगीचे हाड दुखू लागते, त्यामुळे मातीचे मैदान शोधा. दुखणे दाबून धावण्यासाठी इंजेक्शन किंवा ताकदीच्या गोळ्या कुणी देऊ केल्या तर अजिबात घेऊ नका. त्यापायी जीव जाऊ शकतो.

१०० मीटरसाठी पहिली ३० मीटर धाव वेगळी घोटा. अंग पुढे झुकलेले, पावले छोटी, हात जोरात. शेवटची रेषा ११० मीटरवर आहे असे समजून धावा, कारण बहुतेक जण ९५ मीटरवरच वेग सोडतात.

आता गोळा. सर्वांत स्वस्तात मिळणारे १५ गुण हेच, आणि सर्वांत दुर्लक्षितही हेच. अनेक मुले गोळा क्रिकेटच्या चेंडूसारखा फेकतात. तो फाऊल ठरतोच, शिवाय कोपर दुखावतो. गोळा तळहातावर न ठेवता बोटांच्या मुळाशी ठेवा, हनुवटीखाली मानेला टेकवा, अंगठा खाली, कोपर खांद्याच्या रेषेत वर. उजव्या हाताने फेकणाऱ्याने वजन उजव्या पायावर घेऊन गुडघा वाकवावा, पाठ फेकीच्या दिशेला करावी. मग जोर पायातून सुरू होतो, कंबर वळते, छाती उघडते आणि सगळ्यात शेवटी हात ढकलतो. कोपर खाली आला की गोळा आडवा जातो, मीटरभर अंतर कमी होते. फेकल्यावर तोल सावरा. वर्तुळाच्या पुढून बाहेर पाय पडला तर चांगली फेकही वाया जाते, बाहेर पडायचे ते मागच्या अर्ध्या भागातूनच. आठवड्यातून तीन दिवस २०-२५ फेकी, मुलांनी सुरुवातीला ५ किलोने, ढब बसली की पूर्ण वजनाने. सोबत जोर-बैठका चुकवू नका.

शेवटच्या दहा दिवसांत सराव निम्मा करा. ग्राउंडच्या दिवशी नवे बूट नकोत. आदल्या रात्री साधा वरण-भात, पहाटे धावण्याच्या दीड-दोन तास आधी केळे आणि पाणी. उन्हात रांगेत थांबावे लागले तर मीठ-साखरेचे पाणी घोट घोट घेत राहा. धावताना थंडी वाजली, घाम थांबला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबा.

एका पदासाठी एकाच घटकात, म्हणजे एकाच जिल्ह्याच्या किंवा शहराच्या पोलीस दलात, अर्ज करता येतो. दोन जिल्ह्यांत भरणारे बाद होतात. कागदपत्रांत जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेयरच्या तारखा जाहिरातीशी ताडून पाहा, दाखल्यांवरच्या नावाचे स्पेलिंगही जुळवा. ग्राउंड संपल्यावर गुणपत्रकावर सही करण्याआधी वेळ आणि अंतर स्वतः वाचा. हरकत असेल तर ती त्याच दिवशी, मैदान सोडण्यापूर्वी, तिथल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे मांडा.