मीठ कमी करायचं तर आधी पुडी मोजा

मिठाची नवी पुडी फोडली की तिच्यावर त्या दिवसाची तारीख लिहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम जायला हवं. बाहेरचं खाणंही त्यातच धरायचं. या हिशेबाने चार मोठ्या माणसांच्या घरात किलोची पुडी किमान दोन महिने पुरली पाहिजे. महिन्यातच संपत असेल, तर माणशी रोज ८ ग्रॅमच्या वर जातंय, आणि विकतचं लोणचं-फरसाण त्याहून वेगळं.

चिमटीच्या अंदाजावर राहू नका. डब्यात चहाचा चमचा ठेवा. सपाट भरला तर त्यात ५-६ ग्रॅम मीठ मावतं, शीग लावली तर बरंच जास्त. आठवडाभर नेहमीचंच मीठ घाला, फक्त मोजून. मग दर आठवड्याला साधारण दहावा हिस्सा कमी करा. एकदम निम्मं केलं की मंडळी पानात वरून मीठ घेतात आणि सगळी मेहनत फुकट जाते. ताटाच्या डाव्या बाजूला मीठ वाढायची पद्धतही बंद करा.

भातात आणि कणकेत मीठ नकोच. सोबतची आमटी-भाजी खारी असतेच. मेथी किंवा पालक शिजून खाली बसल्यावर मीठ घाला. कच्च्या पाल्याचा ढीग बघून घातलं, तर भाजी आळल्यावर हमखास खारट होते. काकडीच्या कोशिंबिरीला आधी मीठ लावलं की पाणी सुटतं आणि मीठ त्या पाण्याबरोबर तळाला जातं. अगदी वाढताना घाला, निम्म्यात भागतं. आमटी पानचट लागली तर एखादं आमसूल जास्त टाका किंवा वरून लिंबू पिळा, फोडणीत लसूण वाढवा. आंबटपणा असला की मिठाची उणीव फारशी जाणवत नाही.

साठवणीच्या लोणच्यात मात्र मीठ कमी करू नका, बुरशी येईल. त्याऐवजी दोन-तीन दिवसांपुरतं ताजं लोणचं घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा. पापड तळण्याऐवजी भाजला तर तेल वाचतं, सोडियम तेवढंच राहतं. त्यात मिठाखेरीज पापडखारही असतो. ढोकळ्यातल्या सपाट चमचाभर खाण्याच्या सोड्यातून सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम जातं. ते खारट लागत नाही, म्हणून कुणी मोजत नाही.

सैंधव वापरून काही साधत नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

पाकिटावरच्या सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. १०० ग्रॅम शेवेत ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल, तर तेवढ्या शेवेत २ ग्रॅम मीठ आहे.