माद्रिदचा राजवाडा कसा पाहावा

माद्रिदच्या राजवाड्यात तीन हजारांहून अधिक दालने असल्याचे सांगितले जाते. त्यांतली मोजकीच लोकांसाठी खुली असली, तरी पूर्वतयारीशिवाय गेल्यास झुंबरे आणि सोनेरी नक्षी यांपलीकडे फारसे काही लक्षात राहत नाही. म्हणून निघण्यापूर्वी एक घटना माहीत करून घ्यावी. १७३४ साली, नाताळच्या आदल्या रात्री, याच जागी उभा असलेला अल्काझार हा जुना राजवाडा आगीत जळून गेला. कित्येक चित्रे चौकटींतून कापून खिडक्यांतून खाली टाकण्यात आली, तरी शेकडो चित्रे नष्ट झाली. स्पेनचा राजा फिलिप पाचवा याने १७३८ मध्ये सुरू केलेला नवा वाडा पुन्हा पेटू नये म्हणून दगड-विटांच्या घुमटाकार छतांवर उभारला गेला, आणि याच छतांवर पुढे भित्तिचित्रे रंगली.

तिकीट आधीच ऑनलाइन काढावे आणि सकाळची पहिली वेळ निवडावी. राजा येथे राहत नसला, तरी शासकीय समारंभांसाठी वाडा बंद ठेवला जातो, त्यामुळे तारखेची खात्री करून घ्यावी. मेट्रोच्या ओपेरा स्थानकापासून वाडा चालत काही मिनिटांवर आहे.

मुख्य जिना सावकाश चढावा. पायऱ्या इतक्या बुटक्या आहेत की धाप लागत नाही, आणि मधल्या टप्प्यावर थांबले की इटालियन चित्रकार जाक्विंतोने रंगवलेले छत पूर्ण नजरेत येते.

खरा वेळ सिंहासन कक्षासाठी राखून ठेवावा. आधी सिंहासनाजवळचे चार सिंह पाहावेत. पंजाखाली गोळा दाबून उभे असलेले हे सोनेरी मुलाम्याचे सिंह चित्रकार वेलास्केसने रोममध्ये घडवून घेतले होते, आणि ते जुन्या वाड्यातून आलेले आहेत. मग तांबड्या मखमलीच्या भिंतींवरून नजर वर न्यावी. इटालियन चित्रकार तिएपोलोने १७६४ मध्ये पूर्ण केलेले छत एका जागी उभे राहून समजत नाही. हळूहळू गोल फिरत पाहावे. मधोमध ढगांत स्पेनच्या राजसत्तेचा गौरव आहे, तर कडेने समुद्रापलीकडच्या वसाहतींतील माणसे आणि त्यांची संपत्ती दिसते. पारतंत्र्य अनुभवलेल्या देशातून आलेल्या आपल्यासारख्यांची नजर त्या कडेवरच रेंगाळते, आणि ती रेंगाळू द्यावी.

गास्पारिनी दालनातील भरतकामाच्या रेशमी भिंती आणि प्रसिद्ध इटालियन वाद्यनिर्माता स्ट्राडिवारीने घडवलेली नक्षीदार तंतुवाद्येही चुकवू नयेत.

जेवण उरकून शेजारच्या राजसंग्रह दालनात जावे. २०२३ मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूत वरून खाली उतरत पाहायचे असते. येथे इटालियन चित्रकार काराव्हाज्जोच्या ‘सालोमे’ या चित्रासमोर किमान दहा मिनिटे द्यावीत, नवव्या शतकातील तटबंदीचे अवशेषही येथेच आहेत.

दुसरा दिवस हाताशी असेल तर प्रादो संग्रहालयात जाऊन वेलास्केसचे ‘लास मेनिनास’ पाहावे. हे चित्र त्या आगीतून वाचले, आणि त्यात दिसणारी उंच, अंधारी खोली जळालेल्या अल्काझारमधलीच आहे.