क्लिनिकल सायकॉलॉजीत डिग्री झाली, आता पुढची चार-पाच वर्षं कशी आखायची?

इंदूरमधे भंवरकुआंच्या कोचिंगमधल्या पोरांपासून रामबागेतल्या आजी-आजोबांपर्यंत मनाच्या तक्रारी घेऊन येणारे आता खूप वाढलेत, आणि लोक त्यावर उघड बोलायलाही लागलेत, ही फार चांगली गोष्ट आहे. त्यामुळे सायकॉलॉजी घेतलेली मुलं-मुली माझ्याकडे येतात आणि जवळजवळ सगळ्यांचा प्रश्न एकच, ताई डिग्री झाली, पीएचडीही होत आली, आता नोकरी करू की पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन किंवा प्रशिक्षण) करू की सरळ क्लिनिक टाकू? घरी आई-बाबाही विचारत असतात की बाई इतकी वर्षं शिकलीस, आता कमवायला कधी लागणार. माझं म्हणणं एका वाक्यात सांगते, मग बाकीचं सविस्तर: पहिली दोन-तीन वर्षं जागा निवडताना तिथे तुमच्या केसेसवर डोकं घालून बसणारं कोणी सीनियर आहे का हे आधी बघा, पगार आणि संस्थेचं नाव त्यानंतर.

पण त्याच्याही आधी कागद. हा भाग कंटाळवाणा आहे पण इथे चुकलं तर पुढचं सगळं अडतं. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआय, हिच्या रजिस्टरमधे नाव लागतं. कौन्सिलचा कायदा १९९२ चा आहे. मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७ मधे तर व्याख्याच दिलीय, की आरसीआयने मान्य केलेल्या संस्थेतली क्लिनिकल सायकॉलॉजीची पात्रता हवी, नाहीतर सायकॉलॉजीत पीजी आणि त्यावर दोन वर्षांचं फुलटाइम, सुपरव्हिजनखालचं (म्हणजे सीनियरच्या देखरेखीखालचं) एम.फिल. हवं. आता हे नीट वाचा, कारण बरेच जण इथेच फसतात: नुसत्या सायकॉलॉजीतल्या पीएचडीने तुम्ही डॉक्टरेट होता, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. पीएचडी संशोधनाची डिग्री आहे, पेशंटसमोर बसायची परवानगी वेगळ्या कागदाने मिळते.

त्यात सध्या सगळी व्यवस्था बदलतेय. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ च्या नियमात एम.फिल. बंद केलं, मग क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्क या दोन विषयांसाठी २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुदत वाढवली, आणि आरसीआयने क्लिनिकल सायकॉलॉजीतलं एम.ए., साय.डी. (प्रॅक्टिसवर भर असलेली डॉक्टरेट) वगैरे कोर्सेसचा रस्ता काढला. म्हणून कुठल्याही कॉलेजात फी भरायच्या आधी आरसीआयच्या वेबसाइटवर जाऊन त्या कॉलेजचं नाव, त्या कोर्सचं नाव आणि त्या वर्षाची मान्यता, तिन्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. अ‍ॅडमिशन ऑफिसातला माणूस 'मान्यता येतेच आहे' म्हणाला तर थांबा. आणि रजिस्ट्रेशन एकदाच करून सुटका नाही, ते रिन्यू करावं लागतं आणि त्यासाठी मान्य वर्कशॉपांचे पॉइंट लागतात, तेव्हा सर्टिफिकेटांची एक फाइल पहिल्या दिवसापासून करा. शिवाय २०१७ च्या त्याच कायद्यात राज्याच्या मेंटल हेल्थ अथॉरिटीकडेही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद करायची तरतूद आहे, ती मध्य प्रदेशात कशी होते त्याची चौकशी जिथे नोकरी लागेल तिथे करा.

कागद झाले की मग ठरवायचं की जायचं कुठे. ढोबळमानाने तीन वाटा आहेत, हॉस्पिटल-क्लिनिकची, शिकवण्या-संशोधनाची आणि परदेशाची. कोणी सांगतं तिन्ही उघड्या ठेवा, मला ते पटत नाही, निदान दोन वर्षांसाठी तरी एक धरा, कारण तिन्हींची तयारी वेगळी आहे.

हॉस्पिटलची वाट धरली तर जवळपास बघायला बरंच आहे. ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाला आहे, इंदूरला बाणगंगेचं मेंटल हॉस्पिटल आहे, मेडिकल कॉलेजांचे सायकिअ‍ॅट्री विभाग आहेत, भोपाळच्या रस्त्यावर सीहोरला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ रिहॅबिलिटेशन आलंय. जिल्हा रुग्णालयांमधे मनकक्ष, म्हणजे मनाच्या तक्रारींसाठीची वेगळी खोली, असतात, आणि डिस्ट्रिक्ट मेंटल हेल्थ प्रोग्राम, जो देशात १९९६ पासून चालू आहे, त्याच्या टीममधे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची जागा धरलेली असते. जिल्ह्याच्या नोकरीला मुलं नाक मुरडतात, पण धार-झाबुआकडून येणारे पेशंट बघितले की दोन वर्षांत जो हात बसतो तो शहरातल्या एसी क्लिनिकमधे बसत नाही. फक्त एक अट, तिथे एकटे पडत असाल तर सुपरव्हिजनची सोय बाहेरून करा, महिन्यातून दोनदा ऑनलाइन का होईना, पैसे देऊन का होईना.

इंटरव्ह्यूला गेलात की त्यांनी विचारायचं आणि तुम्ही उत्तरं द्यायची असं समजू नका, तुम्हीही विचारा. आठवड्याला सुपरव्हिजनचा तास ठरलेला आहे का, आणि तो ओपीडीची गर्दी झाली की रद्द होतो का. दिवसाला किती पेशंट. नुसती टेस्टिंगच करायची की थेरपीच्या केसेसही मिळतील, कारण खूप ठिकाणी नवीन माणसाला आयक्यूच्या रिपोर्टांवर बसवतात आणि दोन वर्षं तेच चालतं. रिपोर्टवर सही कोणाची जाते. आत्महत्येचा धोका असलेला पेशंट आला तर कोणाला फोन करायचा. या प्रश्नांवर समोरचा वैतागला तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालंच.

सुपरव्हिजनवर मी एवढी का अडून बसते ते एका उदाहरणाने सांगते. एका नवीन मुलीने स्मृतिभ्रंशाची शंका असलेल्या एका मराठी आजींची तपासणी केली. तारीख विचारली तर आजी म्हणाल्या, 'कार्तिक वद्य चतुर्थी.' भिंतीवर हिंदी पंचांग होतं, त्यात मार्गशीर्ष कृष्ण चतुर्थी लिहिलेलं, तर हिने उत्तर चूक धरलं आणि वेळेचं भान कमी असा शेरा मारला. संध्याकाळी सीनियर मॅडमनी तो कागद बघितला आणि विचारलं, आजी नेमकं काय म्हणाल्या ते शब्द न शब्द सांग. मग कळलं की आजी बरोबर होत्या, आपल्या मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो आणि उत्तरेकडे पौर्णिमेला, त्यामुळे वद्य पक्षात दोघांच्या महिन्याचं नाव वेगळं येतं. पुढचे प्रश्न मराठीत पुन्हा विचारले, निकाल बदलला. हे पुस्तकात मिळत नाही, आणि एकट्याने बसून स्वतःच्या लक्षातही येत नाही. म्हणूनच उत्तर टिपताना पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिहायची सवय लावा, नुसतं बरोबर-चूक लिहू नका.

आपल्या मुलांना मराठी आणि हिंदी दोन्ही येतं, थोडी माळवीही कळते, ही मोठी जमेची बाजू आहे, ती वापरा. बिने-कामत चाचणी आजही मुलांची बुद्धिमत्ता मोजायला वापरतात, ती कामतांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठीच बसवली होती. पण इतक्या जुन्या नॉर्म्सवर (म्हणजे तुलनेसाठी तेव्हा ठरवलेल्या आकड्यांवर) आजच्या मुलाचा आकडा किती ताणायचा हेही सीनियरकडूनच शिकायचं, कारण त्या आकड्यावर मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि शाळेतल्या सवलती ठरतात.

लॉगबुक ठेवा. कोर्सपुरतं नाही, नोकरीतही. तारीख, पेशंटचं वय (नाव नको), तक्रार, काय टेस्ट लावली, किती सेशन, सुपरव्हिजन कोणी किती वेळ दिलं, आणि सीनियरची सही. पुढे कोणी विचारलं की ओसीडीच्या (मंत्रचळाच्या) किती केसेस बघितल्या तर अंदाजे सांगावं लागत नाही, आणि परदेशी अर्जात तर तासांचाच हिशेब मागतात. एक्सेल शीट पुरते, पण दर शनिवारी भरा, सहा महिन्यांनी भरायला बसलात तर काही आठवत नाही.

आता पोस्टडॉक. आपल्याकडे आणि अमेरिकेत या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. भारतात पोस्टडॉक म्हणजे मुख्यतः संशोधन, आणि प्रॅक्टिससाठी ते सक्तीचं नाही. आयसीएसएसआर (समाजशास्त्रीय संशोधनाची परिषद) आणि आयसीएमआर (वैद्यकीय संशोधनाची परिषद) या दोघांच्या पोस्टडॉक फेलोशिप आहेत, शिवाय मोठ्या संस्थांच्या प्रोजेक्टमधे जागा निघतात, बंगळुरूचं निमहान्स, मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था, त्यात पहिलं नाव. संशोधनाची वाट धरायची तर थीसिस जमा झाल्यावर लगेच त्यातून निदान एक-दोन पेपर काढा, ते पडून राहिले की शिळे होतात. मग ज्या प्रोफेसरबरोबर काम करायचंय त्यांचे अलीकडचे पेपर वाचून छोटी ईमेल करा, पाच-सहा ओळींची, त्यात तुम्ही काय केलंय आणि त्यांच्या कुठल्या कामाशी ते जुळतं एवढंच. 'रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम हार्डवर्किंग' छापाची एकच ईमेल चाळीस जणांना पाठवू नका, त्यांना लगेच कळतं. कॉलेजात शिकवायचं असेल तर यूजीसीची नेट ही परीक्षा आधी पास होऊन टाका, नोकरी लागल्यावर अभ्यासाला बसवत नाही.

अमेरिकेत पोस्टडॉक लायसन्सशी जोडलेलं असतं. तिथे आधी डॉक्टरेट, त्यातच एक वर्षाची इंटर्नशिप जी बहुतेकांना एपीपीआयसी या संस्थेच्या मॅचमधून, म्हणजे उमेदवार आणि जागा जुळवायच्या पद्धतीतून, मिळते, मग बऱ्याच राज्यांत डिग्रीनंतरचे सुपरव्हिजनखालचे तास, आणि ईपीपीपी नावाची लायसन्सची परीक्षा. राज्यागणिक नियम वेगळे, कॅलिफोर्नियात एकूण ३००० तास लागतात आणि त्यातले निदान १५०० डॉक्टरेटनंतरचे. न्यूरोसायकॉलॉजी (मेंदू आणि वागणं यांचा संबंध बघणारी शाखा) करायची तर डॉक्टरेटनंतर दोन वर्षांची रेसिडेन्सी धरून चाला. म्हणजे आपलं एम.फिल. घेऊन गेलो आणि तिथे क्लिनिक टाकलं असं होत नाही, हे पासपोर्ट काढायच्या आधी घरच्यांना समजावून सांगा. राज्य आधी ठरवा, त्या राज्याच्या बोर्डाची पानं वाचा, मग युनिव्हर्सिटी बघा. इंग्लंडला जाणाऱ्यांनी एचसीपीसीचे, म्हणजे तिथे नोंदणी करणाऱ्या संस्थेचे, नियम बघायचे, तिथली व्यवस्था पुन्हा निराळी आहे.

स्पेशलायझेशन कधी? माझ्या मते दोन वर्षं सगळं बघून झाल्यावर. मुलं, व्यसन, न्यूरो, फोरेन्सिक (गुन्हे-कोर्टाशी जोडलेलं काम), काहीही असो, आधी डिप्रेशन, सायकोसिस, एंग्झायटी, बौद्धिक अक्षमता यांच्या पुरेशा केसेस हाताखालून जाऊ द्या. सर्टिफिकेट कोर्सेसचा सध्या पूर आलाय, दोन दिवसांत थेरपिस्ट करून देणारे, त्यावर पैसे उधळण्यापेक्षा एकच थेरपी धरा आणि तिच्यात वर्षभर सुपरव्हिजन घ्या.

स्वतःचं क्लिनिक शेवटी येतं, आणि अर्धवेळ सुरू करा, सकाळी हॉस्पिटल आणि संध्याकाळी दोन-तीन दिवस गीताभवन किंवा पलासियाकडे कोणाच्या तरी क्लिनिकमधे तासांवर खोली. पाटीवर रजिस्ट्रेशन नंबर टाका. आपण औषधं देत नाही हे पेशंटला पहिल्याच भेटीत सांगा, आणि एका विश्वासू सायकिअ‍ॅट्रिस्टशी आधीच बोलून ठेवा की गरज पडली तर पाठवेन. फी आणि रद्द केलेल्या सेशनचं काय ते लेखी द्या, इंदूरमधे ओळखी इतक्या आहेत की प्रत्येक जण कोणाचा तरी मावसभाऊ निघतो, त्यामुळे हे आधी बोललेलं बरं. त्याच कारणाने गुप्ततेबद्दल फार कडक राहा. मराठी समाजात एखाद्याची काकू लग्नकार्यात सहज विचारते, आमची सूनबाई येते ना गं तुझ्याकडे? तिथे हो पण म्हणायचं नाही आणि नाही पण म्हणायचं नाही, 'काकू, कोण येतं ते मी घरीसुद्धा सांगत नाही' एवढंच. नात्यातल्यांची केस स्वतः घ्यायची नाही, दुसऱ्याकडे पाठवायची.

पहिल्या भेटीच्या फॉर्मवर जवळच्या एका माणसाचा फोन नंबर आणि अडीअडचणीला त्याला फोन करायची परवानगी, दोन्ही घ्या, आणि त्याच फॉर्मच्या खाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर छापून ठेवा, कारण रात्री दोन वाजता तुम्ही फोन उचलालच असं नाही.