रायडिंग मोअरचा बेल्ट घेताय? आधी या चुका टाळा

रायडिंग मोअरवर, म्हणजे बसून चालवायच्या गवत कापायच्या मशीनवर, अर्धं गवत कापून झालेलं असतं आणि एकदम पात्यांचा आवाज बंद होतो, इंजिन मात्र छान चालू. वाकून बघावं तर डेकमधून, म्हणजे पाती झाकणाऱ्या पत्र्याच्या घरातून, बेल्ट तुटून लोंबतोय. अशा वेळी डोक्यात एकच येतं, असाच दुसरा आणायचा, टाकायचा आणि उरलेलं काम उरकायचं. बहुतेक चुका याच घाईत होतात.

मी पहिल्यांदा हेच केलं होतं. जुना बेल्ट खिळ्याला टांगला, शेजारी नवा टांगला, लांबी तंतोतंत सारखी दिसली, घेतला. पातळ गवतात नीट चालला, पण दाट गवत लागलं की पाती मंदावायची आणि रबर जळाल्याचा वास यायचा. खाली बघितलं तर टेन्शन स्प्रिंगचा आर्म अगदी शेवटच्या टोकाला टेकलेला, म्हणजे बेल्ट आणखी ताणायला जागाच उरली नव्हती. जुना बेल्ट वापरून वापरून लांबला होता आणि मी नवा त्या लांबलेल्या मापाचा आणला होता, एवढं साधं कारण. तेव्हापासून जुन्या बेल्टवरून माप घेणं हा माझ्यासाठी सगळ्यात शेवटचा उपाय आहे.

पहिला उपाय म्हणजे मोअरचा मॉडेल नंबर. बऱ्याच मशीनमध्ये सीटखाली किंवा मागच्या फेंडरवर स्टिकर असतो, त्यावरचा पूर्ण नंबर घ्या, शेवटची दोन-तीन अक्षरं सोडू नका, कारण एकाच नावाच्या मोअरमध्ये वर्षागणिक पुल्या बदलतात आणि बेल्टही बदलतो. त्या नंबरवरून मॅन्युअलमध्ये बेल्टचा पार्ट नंबर सापडतो. आणि बेल्ट कोणता हवाय हेही आधी ठरवा, कारण रायडिंग मोअरमध्ये साधारण दोन असतात, एक इंजिनपासून पात्यांकडे जाणारा डेक बेल्ट आणि दुसरा चाकं फिरवणारा ड्राइव्ह बेल्ट. मशीन पुढे जातंय पण पाती फिरत नाहीत तर डेक बेल्ट, पाती फिरतायत पण चढावर मशीन जागीच थांबतंय तर आधी ड्राइव्ह बेल्ट बघा. काही डेकमध्ये पात्यांचा आणखी एक वेगळा बेल्टही असतो. "४२ इंचाच्या मोअरचा बेल्ट द्या" असं म्हणून बेल्ट मिळत नाही हो, ते ४२ इंच म्हणजे कापायची रुंदी, बेल्ट त्याच्या कितीतरी पट लांब असू शकतो.

नंबरांचा घोळ

यात भलेभले अडकतात. हलक्या कामाच्या बेल्टवर ३एल, ४एल, ५एल असं लिहिलेलं असतं. ४एल म्हणजे वरची रुंदी १/२ इंच, ५एल म्हणजे साधारण ५/८ इंच, काटेकोर बोलायचं तर २१/३२. पुढचा आकडा बाहेरून मोजलेली लांबी, तीही इंचाच्या दहाव्या भागात, म्हणजे ४एल४३० हा ४३ इंचाचा. आता ए आणि बी सेक्शनचे बेल्ट बघा, ए ची रुंदी ४एल एवढीच, बी ची ५एल एवढीच, पण त्यांच्यावरचा आकडा आतल्या लांबीचा असतो. ए सेक्शनला बाहेरची लांबी साधारण २ इंचाने जास्त येते आणि बी ला साधारण ३ इंचाने. म्हणजे ए४१ आणि ४एल४३० लांबीला जवळपास एकच, आणि जो माणूस ४३ बघून ए४३ उचलतो त्याच्याकडे २ इंच लांब बेल्ट येतो.

रुंदी मोजतानाही जुन्या बेल्टवर विश्वास ठेवू नका, त्याच्या कडा झिजून तो अरुंद झालेला असतो. व्ही बेल्ट, म्हणजे खाली निमुळता होत जाणारा बेल्ट, पुलीला धरतो तो दोन्ही बाजूंच्या उतारांनी, तळाने नाही. अरुंद बेल्ट रुंद खाचेत टाकला की खाली जाऊन तळाला टेकतो आणि घसरायला लागतो. पुलीच्या खाचेचा तळ आरशासारखा चकाकत असेल तर समजा की बेल्ट खाली टेकत होता, मग एकतर बेल्ट चुकीचा होता नाहीतर पुलीच झिजलीय. बसल्यावर बेल्टची पाठ पुलीच्या काठाच्या आसपास दिसली पाहिजे.

माप जुळतंय म्हणून गाडीचा बेल्ट टाकणं ही पण नेहमीची चूक. गाडीचा बेल्ट सतत एका ताणात चालायला बनवलेला असतो. मोअरमध्ये तसं नसतं, पाती चालू करताना बेल्ट घसरत घसरत पकड घेतो, मध्येच दगड-खोड लागलं की झटका बसतो, आणि बऱ्याच ठिकाणी आयडलर पुली (बेल्टला नुसता ताण देणारी) बेल्टच्या पाठीवरून फिरते म्हणजे तो उलटाही वाकतो. म्हणून मोअरच्या बेल्टला बाहेरून कापडाचं वेष्टण आणि बऱ्याचदा आत अरामिड धागे असतात, केवलार म्हणून लोकांना माहीत असलेले, ते कमी लांबतात आणि झटका सोसतात. कंपनीने अरामिडवाला सांगितला असेल तर साधा पॉलिएस्टरचा घेऊ नका. आणि जुना बेल्ट दोन्ही बाजूंनी व्ही म्हणजे षटकोनी असेल तर तसाच घ्या, तिथे पाठीनेही पुली फिरवायची असते.

आखूड बेल्ट, हा सगळ्यात धोक्याचा

लांब बेल्टने काम खराब होतं, आखूड बेल्टने माणूस जखमी होऊ शकतो, म्हणून इथे जरा थांबून वाचा. ज्या मोअरमध्ये लिव्हरने पाती चालू-बंद होतात तिथे लिव्हर बेल्ट ताणतो आणि सैल सोडतो, त्यावरच पाती अवलंबून असतात. बेल्ट अर्धा-एक इंच जरी आखूड असला तरी लिव्हर बंद केल्यावर तो पुरता सैल पडत नाही आणि पाती हळूहळू फिरतच राहतात. पाती थांबवणारा ब्रेक पॅड पुलीला दाबत असतो, बेल्ट ओढत असतो, मग धूर. ड्राइव्ह बेल्ट आखूड असेल तर क्लच पेडल पूर्ण दाबूनही मशीन सरकत राहतं. "नवीन आहे, ताणला जाईल हळूहळू" असं म्हणून असा बेल्ट वापरू नका, लगेच काढा. इलेक्ट्रिक क्लचवाल्या मोअरमध्ये पाती थांबवायचं काम क्लच करतो, पण तिथेही जास्त ताणाने स्पिंडलची, म्हणजे पाती फिरवणाऱ्या दांड्याची, बेअरिंगं लवकर जातात.

जुना बेल्ट फेकण्याआधी वाचा

खरंच वाचा, तो बरंच सांगतो. तळाला सगळीकडे सारख्या बारीक भेगा असतील तर वय आणि उष्णता, बिनधास्त नवा टाका. एकच बाजू झिजली असेल तर पुल्या एका रेषेत नाहीत, ब्रॅकेट वाकलाय का बघा. एकाच जागी जळका डाग असेल तर बेल्ट जागीच थांबला होता आणि इंजिनची पुली त्याच्यावर घासत होती, म्हणजे पात्यात काहीतरी अडकलं होतं किंवा स्पिंडल जाम आहे. पाठ काळी चकचकीत झाली असेल तर पाठीवरचा आयडलर फिरत नाहीये. माझ्याकडे एकदा एका हंगामात दोन बेल्ट गेले, दोष मी बेल्टला देत होतो, शेवटी आयडलर बोटाने फिरवला तर खर्रखर्र करत पाव फेरा गेला आणि अडकला. बेअरिंग संपलेलं. त्यामुळे बेल्ट काढलेला असतानाच प्रत्येक पुली हाताने फिरवा, वर-खाली हलवून बघा, आर्म गंजून घट्ट झालाय का बघा, खाचेत वाळलेलं गवत साचलं असेल तर खरवडून काढा.

बसवताना चावी काढा, पार्किंग ब्रेक लावा, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला करा, हे आधी. जुना बेल्ट शाबूत असेल तर काढण्यापूर्वी त्याच्या रस्त्याचा फोटो घ्या. बेल्ट निसटू नये म्हणून पुलीजवळ गाइड पिना असतात, तो त्या प्रत्येक पिनच्या आतून गेला पाहिजे, एक पिन जरी चुकली तर बेल्ट तिला घासून घासून तुटतो. स्क्रूड्रायव्हर घालून पुलीवर चढवू नका, बाहेरून काही दिसत नाही पण आतले धागे तुटतात आणि मग तो बेल्ट खाचेत उलटा व्हायला लागतो. त्याऐवजी स्प्रिंग सैल करा. घसरतोय म्हणून चिकट स्प्रेही मारू नका, त्यावर धूळ आणि गवत बसतं आणि खरं कारण तसंच राहतं.

पहिली पंधरा-वीस मिनिटं चालवून इंजिन बंद करा, थंड होऊ द्या आणि परत एकदा पिना आणि ताण बघा. बेल्टवरची छपाई काही दिवसांत पुसली जाते, तेव्हा तो चढवायच्या आधीच पार्ट नंबर मार्करने सीटखाली लिहून ठेवा.