पाहुण्यांचं सामान असं लावा की आयत्या वेळी स्टुलावर चढायला नको

पाहुणे येणार म्हटल्यावर निम्मा वेळ शोधाशोधीतच जातो. थर्मास कुठेय, मोठा डाव कुणी कुठे ठेवला, सारखे सहा कप तरी आहेत का, आणि तेवढ्यात आतून आवाज येतो की अगं तो ट्रे लॉफ्टवर आहे, मग स्टूल आणा, वर चढा, धूळ झाडा. सामान कमी असतं असं अजिबात नाही, आहेरात आलेले पेले तर बहुतेक घरांत अजून खोक्यातच असतात. घोळ लावण्यात असतो. आपण काच काचेजवळ आणि स्टील स्टीलजवळ लावतो, ते भांड्यांच्या दुकानात ठीक आहे, घरात मात्र सामान पाहुणा बघून लावायचं. चहाला येणारे, जेवायला येणारे, मुक्कामी येणारे आणि सणावाराचे, असे चार गट करायचे आणि प्रत्येकाचं सामान एका जागी ठेवायचं, बस.

आधी सगळं बाहेर काढा

एखाद्या रविवारी सकाळी हॉलमध्ये जुनी चादर अंथरून सगळं काढा, पण पावसाळ्यात हा उद्योग नको, धुतलेलं काही नीट वाळत नाही. चार ढीग करत जा. टवका गेलेले कप, झाकण हरवलेले डबे, एकुलती एक बशी हे कुठल्याच ढिगात बसत नाही, ते गेलं पाहिजे. आजीचं नाव आणि तारीख घातलेली भांडी मात्र भंगारात देऊ नका, ती रोजच्या वापरात घ्या, पाहुण्यांसाठी अडवून ठेवू नका.

चहाचं सामान सगळ्यात हाताशी

वर्षभरात येणारे बहुतेक लोक चहापुरतेच येतात, शेजारचे, सोसायटीच्या वर्गणीवाले, ऑफिसातून परत जाताना डोकावणारा मावसभाऊ. त्यामुळे गॅसच्या जवळचा, खांद्याच्या उंचीचा कप्पा यांचा. त्यात सारखे आठ-दहा कप, दोन ट्रे (एक मोठा, एक दोन कपांपुरता), बिस्किटं-चिवड्याच्या बश्या, छोटे चमचे आणि कोरे नॅपकिन. पाहुण्यांचा कप साधारण शंभर-सव्वाशे मिलिलिटरचा असतो, म्हणजे लिटरभर चहात आठ-दहा जण होतात, तेव्हा दोन लिटरचं एक पातेलं याच कप्प्यात ठेवा म्हणजे ऊतू जायची भीती नाही. थर्मास ठेवताना झाकण उघडं ठेवा, बंद करून ठेवला की आतून कुबट वास येतो आणि तो वास पहिल्या कपात उतरतो, पाहुणा बोलत नाही एवढंच.

जेवायला येणाऱ्यांचं

इथे हिशोब आधी करा. तुमच्या घरात एका पंगतीला किती माणसं मोकळी बसतात? टू बीएचकेच्या हॉलमध्ये सोफा सरकवून दहा-बारा. मग तेवढीच ताटं ठेवा, वाट्या मात्र दुप्पट-तिप्पट लागतात कारण आमटी, भाजी आणि गोड एका वाटीत होत नाही, आणि पेले चार जास्त, पोरं पेला कुठे ठेवतात देव जाणे. पंचवीस-तीस माणसं वर्षातून एकदा येणार असतील तर त्यांच्यासाठी ताटं घेऊन ठेवू नका, मंडपवाल्याकडे किंवा केटररकडे भांडी, खुर्च्या, सगळं भाड्याने मिळतं. आपल्या फ्लॅटमध्ये जागेचा भाव काय आहे ते तुम्हाला माहितीये.

वाढायची भांडी वेगळ्या डब्यात: डाव, पळी, भातवाढी, झारा, चिमटा, पाण्याचे दोन जग. चमचे मोजून जुन्या नाडीने बांधा, रबर लावू नका, तो उकाड्यात वितळून चिकटतो. चांदीच्या वाट्या-पेल्यांना तर रबर लावूच नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. काचेच्या बश्या एकमेकींवर ठेवताना मध्ये कागद घाला.

ज्यांना भांडी घासायचा वैताग येतो त्यांनी पत्रावळी-द्रोण किंवा उसाच्या चिपाडाच्या प्लेट घ्याव्यात, ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात मिळतात. थर्माकोलच्या प्लेट आणि प्लास्टिकचे वापरून फेकायचे पेले महाराष्ट्रात 2018 पासून बंद आहेत, कुठे जुना गठ्ठा पडला असेल तर तो काढण्याची हीच वेळ. पत्रावळी गरजेपुरत्याच आणा, आपल्या दमट हवेत एका पावसात त्यांना बुरशी येते. आणि जेवणाच्या दिवशी ओल्या-सुक्याचे दोन डबे दारातच दिसतील असे मांडा, नाहीतर रात्री तुम्हीच पत्रावळीतून नॅपकिन वेचत बसाल.

मुक्कामी पाहुणे

माणशी एक गाठोडं बांधा. चादर, पांघरूण, टॉवेल, सगळं घडी करून त्याच सेटच्या उशीच्या अभ्र्यात घालायचं. रात्री अकराला कुर्ला टर्मिनसहून कुणी दमून येतं तेव्हा नुसतं गाठोडं हातात द्यायचं. ही गाठोडी बेडच्या बॉक्समध्ये ठेवा, पण गाद्या आणि गाठोडी पावसाळा संपला की एकदा उन्हात घालाच. शेजारी एक छोटी पिशवी: नवे टूथब्रश, साबणाच्या वड्या, जादा चार्जर, डासांचं मशीन. बाहेरून आलेल्या माणसाला आपल्याकडचे डास नवीन असतात.

सणाचा डबा

समई, निरांजन, ताम्हण, टाळ, करंडा, अत्तरदाणी, गुलाबदाणी एकाच मोठ्या डब्यात. तांब्या-पितळेचं घासून, पूर्ण कोरडं करून, सुती कापडात गुंडाळून ठेवा. वाती, कापूर, माचिस याच डब्यात, कारण पूजेच्या सकाळी माचिसच सापडत नसते. हळदीकुंकवाला आलेल्या वाणाची पिशवी वेगळी ठेवा आणि प्रत्येक वस्तूवर कुणी दिली त्याची चिठ्ठी लावा. पुढच्या संक्रांतीला तेच वाण फिरून त्याच बाईच्या हातात जायला नको.

लॉफ्टवर काय आणि कसं

वर्षातून एक-दोनदा लागणारंच वर टाका, म्हणजे सणाचा डबा, मोठी पातेली, सतरंज्या. पुठ्ठ्याचे खोके नकोत, झुरळं आणि कसर त्यातच होते. झाकणाचे पारदर्शक डबे घ्या, पैसे जातात पण एकदाच. प्रत्येक डब्याच्या आतला फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि लॉफ्टच्या दाराला आतून यादी चिकटवा. खरा फायदा हा की घरातल्या कुणालाही सामान सापडतं, "अगं ते कुठेय" हे वाक्य बंद होतं. नवऱ्यांना फोटो दाखवला की सबब उरत नाही.

पाहुणे गेल्यावर

भांडी रात्रभर पालथी ठेवा, सकाळी पुसा आणि मगच डब्यात टाका, ओलं आत गेलं की वास बसतो. शेजाऱ्यांचे डबे आले असतील तर ते दुसऱ्या दिवशीच परत, आणि रिकामे देऊ नका, चार लाडू नाहीतर मूठभर शेव घाला. मग चमचे मोजा. दोन कमी भरले तर कुणावर संशय घ्यायच्या आधी ओल्या कचऱ्याचा डबा बघा.