पिकअप थरथरते, स्टेअरिंग सैल लागतं: दोष कुठे शोधायचा

जुनी पिकअप साठच्या पुढे गेली की स्टेअरिंग हातात नाचायला लागतं, आणि आपण धावतो अलाइनमेंटवाल्याकडे, म्हणजे चाकांची दिशा यंत्रावर जुळवून देणाऱ्याकडे. यंत्रावर आकडे बरोबर येतात, पैसे देऊन बाहेर पडतो आणि पुढच्या फाट्यापर्यंत गाडी पुन्हा तशीच. स्टेअरिंगपासून चाकापर्यंतचा एखादा सांधा ढिला असेल तर चाक यंत्रावर सरळ उभं राहतं आणि रस्त्यावर हवं तिकडे बघतं. म्हणून अलाइनमेंट सगळ्यात शेवटी.

आधी गाडी चालवून बघा. आमच्या गोव्यातला पेडण्याकडचा चौपदरी रस्ता सकाळी मोकळा असतो, तो बरा. ठरावीक वेगालाच स्टेअरिंग थरथरतं आणि वेग वाढवला की कमी होतं, तर बहुधा पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग, म्हणजे वजनाचा समतोल, गेलंय. स्टेअरिंग शांत पण सीट हादरते, तर मागची चाकं किंवा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांना जोर पोचवणारा गाडीखालचा दांडा. ब्रेक दाबल्यावरच थरथर होत असेल तर डिस्क किंवा ड्रम. आणि गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये रेस दिल्यावरही हादरते, तर चाकांच्या वाटेला जाऊच नका, इंजिनाची माउंटिंग, म्हणजे ते ज्यांवर बसतं ते रबरी आधार, बघा.

मग टायर. हवा मोजा, रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यावर हात फिरवा, बाजूला फुगवटा आहे का बघा. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुन्या गाडीचा टायर कधीकधी नक्षीने नवा आणि वयाने म्हातारा निघतो. रिमची आतली बाजूही बघायला विसरू नका. एका पावसाळ्यात चिरे (बांधकामाचे जांभे दगड) उतरवायला मी गाडी शेताच्या कडेने नेली. दोन दिवसांनी चोर्ला घाट उतरून केरीच्या सपाटीला लागलो तर स्टेअरिंग असं हलायला लागलं की चाक निखळतंय असं वाटलं. बेअरिंग बदलायचं ठरवूनच घरी आलो. चाक काढलं तर रिमच्या आत तांबडा चिखल एका बाजूला वाळून दगड झालेला. पाइपचं पाणी आणि खुरपं, एवढ्यावर काम झालं.

टायरवर संशय असेल तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे घालून फिरून या. हादरा स्टेअरिंगमधून सीटखाली गेला तर दोषी सापडला.

आता जॅक. जागा सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना अडण. आपल्याकडे चिरा हाताशी असतो म्हणून लोक तोच गाडीखाली आधाराला सरकवतात. तसं करू नका; चिरा वजनाखाली फुटतो. चाकाला अडण म्हणून ठीक, अंगावर गाडी असताना नाही. आधाराला स्टँडच हवा.

चाक उचललं की एक हात वर, एक खाली ठेवून हलवा. खडखड जाणवली तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर चाकाचं बेअरिंग; तरी राहिली तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो सांधा किंवा खिळा, तुमच्या गाडीला जे असेल ते. मग हात डावी-उजवीकडे धरून हलवा. इथे सैल लागलं तर बहुतेक टाय रॉडचं, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याचं, टोक.

खरी परीक्षा मात्र चाकं जमिनीवर असताना, इंजिन बंद ठेवून. माझा भाचा स्टेअरिंगवर बसतो, मी बाजूने वाकून आत बघतो. "मामा, किती फिरवू?" "फिरवू नको रे, नुसतं हालव. दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे." एकेका सांध्यावर बोट असं ठेवा, की अर्धं एका भागावर, अर्धं दुसऱ्यावर. चांगला सांधा एकजीव हलतो. झिजलेल्यात एक बाजू आधी सरकते, दुसरी मागाहून, आणि ती टक् बोटाला कळते, डोळ्याला दिसायच्या आधी. रबरी टोपी फाटून आत पाणी-माती गेली असेल, तर आज ना उद्या तो सांधा जाणारच. स्टेअरिंग बॉक्सचे (स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणाऱ्या गिअरच्या डब्याचे) बोल्ट आणि स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्टही त्याच फेरीत बघून घ्या.

सगळे सांधे घट्ट, तरी स्टेअरिंग रिकामं फिरतं, तेव्हाच बॉक्सकडे वळा. त्यावरचा स्क्रू आवळून प्ले, म्हणजे रिकामं फिरणं, काढणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. माझ्याही गाडीचा एकाने असाच आवळला. दोन दिवस मजेत गेले, मग वळणावरून स्टेअरिंग आपोआप परत येईना. घाटात ते किती जड जातं, हे ज्याने अनुभवलंय त्यालाच ठाऊक. तो स्क्रू माहीतगारानेच, पाव-पाव फेऱ्याने आणि चाकं सरळ ठेवून फिरवावा.

प्रोपेलर शाफ्टचं थोडक्यात: पुढच्या गिअरमधून रिव्हर्स टाकताना ठक् आवाज आला तर क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा फुलीसारखा सांधा, बघा. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही टोकांना खडूने खूण करा. चुकीच्या जागी बसवला तर थरथर नव्याने सुरू होते.

सुटे भाग बदलून झाले की मग बॅलन्सिंग आणि त्यानंतर अलाइनमेंट. नट समोरासमोरच्या जोडीने आवळा आणि पन्नासेक किलोमीटर चालवून पान्हा पुन्हा लावा.